ग्रॅमिनॉइड आणि तळ्यातली कुता

फिजीतल्या बुआ प्रांतातल्या आमच्या गावात शास्त्र काय ते मलाच कळतं, असं मार्चमध्ये माझं ठाम मत होतं. म्हणून तर गावसभेत मी ताडकन उभी राहिले!

प्रश्न तळ्याचा होता. गावप्रमुख इनोकेकाकांना त्यात वाढलेलं तण खायला गवत्या मासा सोडायचा होता. माकेलेसी आत्या मागून म्हणाली, "आणि त्याने कुता खाल्ली तर? डिसेंबरात माझ्या आसेनाचं लग्न आहे. चटई अर्धीच झालीय."

कुता म्हणजे तळ्यात उगवणाऱ्या लांब हिरव्या काड्या; तिच्या चटईशिवाय आमच्याकडची नवरी उंबरा ओलांडत नाही. चटई आईनेच विणायची, आणि कुता गावच्याच तळ्यातली हवी, छातीभर पाण्यात उतरून बायकांनी उपटलेली.

"आत्या, कुता गवत नाहीच मुळी!" मी म्हटलं. "ती ग्रॅमिनॉइड. लॅटिनमध्ये ग्रामेन म्हणजे गवत, आणि पुढचं 'ऑइड' हे शेपूट ग्रीक, म्हणजे 'सारखं'. गवतासारखी दिसते, बस्स! मासा गवत खातो, गवतासारखं दिसणारं नाही."

सगळे खो खो हसले. "पोरीला शाळेत घातल्याचं चीज झालं," काका म्हणाले. शिकलेल्या भाचीचं आत्यानेही ऐकलं. त्याच आठवड्यात मासे तळ्यात सुटले.

ऑगस्टमध्ये तळं लख्ख दिसायला लागलं. पाण्यावर एक काडी नाही. मी बायकांबरोबर आत उतरले, पायांनी चाचपलं. चिखलात कुरतडलेले खुंट, तेही मऊ पडलेले.

ज्या शाळेच्या पुस्तकात मी ग्रॅमिनॉइड वाचलं होतं, त्याचं पुढचं पान मी त्या दिवशी उलटलं. गवत, लव्हाळे, सगळेच ग्रॅमिनॉइड, असं तिथे सरळ छापलं होतं. आणि कुता म्हणजे लव्हाळाच.

"शेजारच्या गावातून आणू ना," मी आत्याला म्हटलं.

"त्यांची कुता त्यांच्या पोरींना."

"मग आता?"

"माझं काय डोकं खातेस? तुझ्या माशाला विचार." बोलता बोलता ती स्वतःच हसली, मग पालथ्या हाताने डोळे पुसत राहिली. आसेना दारात उभी होती. चार दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

चटईच्या कडेला काड्यांची मोकळी टोकं पसरली होती, नव्या काड्यांची वाट बघत. आत्याने ती एकदा सारखी केली.

"सुरी आण," ती म्हणाली.

कड एकदा कापली की पुढे काही जोडता येत नाही, चटई तेवढीच राहते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी सुरी आणली, आणि तिला सरळ कापता यावं म्हणून दुसरं टोक घट्ट ताणून धरलं.