जागा रुग्ण

हेमाकाकूंनी ‘करकचून’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कागद पूर्वाकडे सरकवला.

“हे चुकलंय. भूल दिलेल्या माणसाला सैल पट्टा लावतात. करकचून बांधतात ते जागा असेल तर.”

पूर्वा एका परदेशी कादंबरीचं भाषांतर करत होती. त्यातला हुकूमशहा देशाला आजारी म्हणायचा आणि स्वतःला सर्जन. शस्त्रक्रियेचे तपशील तपासून घ्यायला ती शेजारच्या हेमाकाकूंकडे आली होती. काकूंनी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून चौतीस वर्षं काढली होती.

“काकू, ते रूपक आहे. टेबलावरचा रुग्ण म्हणजे देश.”

“असेल.” काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला नाही. “आमच्या टेबलावर कचरू होता.”

पूर्वानं पेनाला टोपण लावलं.

आणीबाणीतलं नसबंदीचं शिबिर. काकू बावीस वर्षांच्या, नोकरी नवी. वरून आकडा ठरवून आलेला, तो संध्याकाळपर्यंत गाठायचा होता. कचरूला एसटी स्टँडवरून उचलून आणलं होतं. वय एकोणीस. “बाई, माझं लगीन व्हायचंय अजून,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, बांधा. काकूंनी बांधलं. मग फॉर्म भरला : वय पस्तीस, मुलं तीन.

“तुम्ही तरी काय करणार होतात?” पूर्वा हळूच म्हणाली.

“डॉक्टरही तेच म्हणाले होते.”

रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

“नंतर कधी दिसला तो?”

“बारा वर्षांनी. स्वारगेटहून सुटणाऱ्या बसमध्ये. माझी दोन्ही मुलं बरोबर होती, मी उभी. त्यानं मला ओळखलं. उठून जागा दिली. उतरेपर्यंत धाकट्याला कडेवर घेऊन उभा राहिला.”

“काही बोलला?”

“उतरताना विचारलं, ह्याचं नाव काय ठेवलंत बाई?”

काकूंनी टेबलावरचे कागद एकावर एक सारखे केले. कडा जुळल्या तरी हात थांबेना.

“मी भलतंच नाव सांगितलं. वाटलं, आता शाप देणार.”

“आणि?”

“त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. त्या नावानं आशीर्वाद दिला.”