निवेदनाची शेवटची ओळ

दारव्ह्याच्या बाजारातून आणलेले भजे संपले आणि खालच्या तेलकट कागदावर मानीबाईला बातमी दिसली. ‘परतीची पायरी’ ही मालिका महिनाअखेर बंद होणार होती. पाहणारे कमी झाले, असं चॅनलवाल्यांचं म्हणणं. मानीबाईचं डोकं फिरलं. पाहणारे कमी कसे? रोज संध्याकाळी सातला तिच्या ओसरीत त्रेचाळीस बाया बसत. लाइन नसेल त्या दिवशी, म्हणजे जवळजवळ रोजच, तिच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर चौदा इंची टीव्ही चालवत. मुंबईतल्या मोजणाऱ्यांनी या ओसरीत कधी डोकावलं होतं? उंटावरून शेळ्या हाकायचे धंदे सगळे.

मालिकेतली मृण्मयी, गावाच्या तोंडी मुरमाई, गेले पंधरा दिवस माहेरच्या पायरीवर उभी होती. नवऱ्यानं घालवून दिलेली, आणि बाप दार उघडत नव्हता. त्या बापाला बाया रोज नव्या शिव्या घालत. शिव्या न घालणारी एकच, इंदुताईची सून अर्पिता. ती मारेगावकडची, बारावी शिकलेली. दोनदा मार खाऊन माहेरी गेली, दोन्ही वेळा बापानं दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये बसवून परत आणून सोडली. हे गावाला ठाऊक होतं आणि गाव तोंडात मिठाची गुळणी धरून होतं. मानीबाईसुद्धा. इंदुताई सुनेला उंबरठ्याबाहेर सोडायची ती या अर्ध्या तासापुरती. स्वतःला मालिका चुकवायची नव्हती, आणि सुनेला घरी एकटी ठेवायची नव्हती.

मानीबाईनं ओसरीत बातमी सांगितली तेव्हा एकच गलका झाला. तो ओसरल्यावर अर्पितानं विचारलं, “मंग मुरमाईचं पुढं काय होते, थे दाखवनार नाहीत?”

“कायचं दाखवतात. बंद म्हनजे बंद.”

“बाप दार उघडत नाही, तिथून पुढं बाई कुठं जाते, थे मले पाहाचं होतं,” अर्पिता म्हणाली. “दुसरं कोनी सांगत नाही ना.”

इंदुताईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मालिका गेली तर ही पोरगी कसला आधार धरून बसेल, हा विचार मानीबाईला जेवताना सुटेना आणि भांडी घासतानाही सुटेना. सकाळी उठून ती जीपमध्ये बसली आणि थेट बाबारावाकडे गेली.

बाबाराव तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून निवेदनं लिहायचा. कापसाचा भाव, गावाला वीज देणारी जळालेली डीपी, न उगवलेलं बियाणं, मागणी कोणतीही असो, त्याच्या हाताला वळणच पडलं होतं. मालिकेचं निवेदन त्यानं झकास लिहिलं. ‘श्रीमती मृण्मयी यांना न्याय मिळेपर्यंत मालिका चालू ठेवण्यात यावी,’ असं लिहिलं आणि श्वासही न घेता पुढची ओळ ओढली: ‘अन्यथा खाली सह्या करणाऱ्या आम्ही सर्व महिला सामूहिक आत्महत्या करू व होणाऱ्या परिणामास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.’

“बाबाराव, हे कायले लिहिलं? टीव्हीसाठी कोनी जीव देते का?”

“थे असल्याबिगर कागद हालत नाही, बाई. तुमच्या गावची डीपी बसली ना? थ्याच ओळीनं बसली.”

डीपी बसली होती, हे खरं होतं. त्या वर्षांत पेपराच्या पहिल्या पानावर रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा छापून यायचा, कालच्यापेक्षा एकदोनानं मोठा. लोक आधी आकडा पाहत, मग हवामान. तो शब्दच इतका झिजला होता, की अर्जाच्या शेवटी ‘आपला नम्र’ लिहावं तसा तो लिहिला जाई. याची लाज वाटायला हवी होती. कुणालाच वाटत नव्हती.

संध्याकाळी मानीबाईनं कागद वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला पंचफुला म्हणाली, “सगळ्याइनं संगंच? मंग सैपाक कोन करन?” आणि ओसरी हसून हसून लोटपोट झाली. सह्या झाल्या, अंगठे झाले. अर्पितानं मात्र कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

“हे खरं धरतात का थे लोक?”

“कोनी नाही धरत वं माय. रीत आहे लिवायची.”

अर्पितानं सही केली. नुसतं ‘अर्पिता’. पुढे नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाही, आडनाव नाही. मानीबाईला ते खटकलं, पण मागे रांग होती.

कागद मुंबईला धाडला, त्याच्या नवव्या दिवशी गावात पोलिसांची मोटरसायकल आली. मुंबईच्या लोकांना ही रीत ठाऊक नव्हती. यवतमाळ जिल्ह्याचं नाव आणि तो शब्द एका कागदावर पाहून त्यांची पाचावर धारण बसली होती. कागद तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पोलीस ठाण्याला आला होता. जमादारानं ओसरीत बसून आधी चहा घेतला.

“सीरियल काही वाचत नाही, बायांनो. शनिवारी बंद होते, असं त्याइनं कळवलं. मले फक्त तुमचं हमीपत्र पाह्यजे.”

“अन् मुरमाईचं?” कुणीतरी विचारलं.

“थे मले काय माहीत?”

हमीपत्रात दोनच ओळी होत्या. ‘आमच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार नव्हता, आज नाही व पुढे असणार नाही. हे सत्य लिहून देत आहोत.’ बाया पुन्हा हसल्या, या वेळी जरा ओशाळून. बेचाळीस सह्या झाल्या. शेवटी कागद अर्पितापुढे आला. तिनं तो नीट वाचला, पेन हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली.

“कर ना लवकर,” इंदुताई म्हणाली. “साहेबाले जाचं आहे.”

जमादाराला वाटलं, हिला लिहिता येत नसेल. त्यानं शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला. “अंगठा चालते, बाई.”

“सही येते मले,” अर्पिता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ कमी पडलं असं सांगावं तसा. “पन खोटं लिहून देनं माह्याच्यानं होत नाही.”

पंचफुलानं तोंडावर पदर धरला. जमादारानं घड्याळ पाहिलं, सह्या मोजल्या आणि कागदाची घडी घातली. “एकीनं काही अडत नाही,” असं म्हणून त्यानं घडी खिशात ठेवली आणि तो निघून गेला.

इंदुताई उठली. “चाल घरी. तुले दाखवतो आता, गावात इज्जत काढनं काय असते थे.”

अर्पिता उठायला लागली. मानीबाईनं तिचं मनगट धरलं. ते इतकं बारीक असेल असं तिला वाटलं नव्हतं. या पोरीची सही तिनंच त्या ओळीखाली घेतली होती आणि रीत आहे म्हणून सांगितलं होतं, या विचारानं तिला रडू फुटलं. रडतच ती म्हणाली, “ही आज येत नाही, इंदुताई.”

“आज नाही, तं मंग कधी?”

मानीबाईनं मनगट सोडलं नाही.