तीन मिनिटं वीस सेकंदांचा बँड

मुंबईला जाऊन ग्रामोफोनची तबकडी काढून आल्यापासून चांद्याचे गुणवंतराव बँडमास्तर पानसुद्धा घड्याळ पाहून थुंकत. तबकडीवर नाव त्यांचं एकट्याचं. वाजवणारे अकरा जण म्हणजे ‘आणि मंडळी’. त्या मंडळीतल्या कय्यूमची क्लॅरिनेट एरवी वरातीला गल्लीच्या गल्ली पुरायची. तबकडीत मावेना म्हणून तिथल्या कंपनीच्या साहेबानं ती छाटली. तबकडीच्या शेवटी तिचे चार सूर उरले, शिंक आल्यासारखे.

तबकडी खपावी म्हणून दौरा निघाला, तेव्हा कय्यूमनं एकच मागितलं. “मास्तर, दौऱ्यात तरी माझा तुकडा पुरा वाजवू द्या.”

“अन् लोकांनी घरी तबकडी लावून म्हणावं, हे ते नाईच? तीन मिनिटं वीस सेकंद! एक सूर जास्त झाला तर बँडातून बाद.”

सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत तेच झालं. बँड वाजे, थांबे. लोकांना वाटे, वाद्यं जुळवून झाली. ते बिड्या विझवून सरसावून बसत. मास्तर वाकून नमस्कार करत आणि तबकड्यांचं खोकं उघडत. चार गावांत एक तबकडी खपली. घेणाऱ्याकडे ग्रामोफोन नव्हता.

पाचवं गाव गडचिरोलीजवळचं. तिथं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत होती आणि गावातल्या लटारूची जोडी जिंकली होती. जिंकलेली जोडी वाजतगाजत दारोदार न्यायची, प्रत्येक दारी बायांनी बैलांचे पाय धुऊन कुंकू लावायचं, अशी रीत. घरं चाळीस. मास्तर छाती काढून पुढे निघाले. तिसऱ्या दारी, पाटलाच्या अंगणात, गाणं संपलं. बँड थांबला. वाजंत्रीवर चालायची सवय असलेले बैलही थांबले.

“काऊन थांबले जी?” लटारूनं विचारलं.

“गाणं संपलं.”

“घरं कुठी संपले?”

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. आरंभीची संथ सलामी साहेबाला फार आवडली होती. बैलांनी ती रवंथ करत ऐकली. एकानं शेण टाकलं.

“मास्तर, याइले सलामी नाई समजत. चालतं वाजवणारा कोणी हाय का तुमच्यात?”

दहा जणांनी कय्यूमकडे पाहिलं.

“खबरदार!” मास्तर म्हणाले.

कय्यूमनं क्लॅरिनेट ओठांना लावली. बैलांनी माना उचलल्या आणि ते निघाले. त्यांच्यामागे ढोल, झांजा, तुताऱ्या आणि अख्खं गाव निघालं. मास्तर खोक्यासकट अंगणात उरले.

पण हार मानतील तर ते मास्तर कसले! त्यांनी खोक्यासोबत आणलेला ग्रामोफोन ओट्यावर मांडला, किल्ली दिली आणि तबकडी लावली. पाटलीण शकुबाईनं हातात कुंकवाचं ताट धरून ती शेवटपर्यंत ऐकली. पाहुण्याचा मान असतो.

“शेवटचं तेवढं बरं होतं,” ती म्हणाली. “कोण वाजवते ते?”

मास्तरांनी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं.

“बसा जी तुम्ही सावलीत,” म्हणत शकुबाई लगबगीनं तिकडे गेली.

कय्यूम तेव्हा सातव्या घरी होता, आणि तुकडा अजून पुरा व्हायचा होता.