साडूचं घड्याळ

माझा साडू रविराज वाईट माणूस नाही, हीच खरी पंचाईत आहे. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. सटाण्याला कांद्याचा व्यापार, जिभेवर साखर, आवाज म्हणून कधी चढायचा नाही. माझ्या मेहुणीचा, रूपालीचा नवरा. मी थोरला जावई, नाशकात अंबडच्या कंपनीत फिटर. आमचे सासरे पुंजाराममामा सायखेड्याला भाजीपाला करतात. त्यांना मुलगा नाही. मग मुलाच्या जागी कोण, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. मोटर जळाली की मी धावायचो. मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात बाकड्यावर मी झोपलो होतो. रविराज द्राक्षाची पेटी घेऊन भेटायला आला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

एका दिवाळीला हा गृहस्थ हातात जुनं घड्याळ घालून आला. चावीचं, स्विस, कुठल्याशा पारशाकडून घेतलेलं. मामांनी त्याचं मनगट ओढून कानाला लावलं आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलं. तरुणपणी त्यांना असलं घड्याळ घ्यायचं होतं, ते राहून गेलं, हे मला लग्नाला दहा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. तेही रविराजला सांगताना. मग दिवसभर चालू, रविराज, बघा बरं किती वाजले. डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ, माझ्या हातात सेलचं, सेकंदाला पक्कं. पण मला कुणी विचारेल तर शपथ. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नाशकात आल्या आल्या मी जुनी घड्याळं शोधायला लागलो. सुट्टी मिळाली की मेन रोड, भद्रकाली, दहीपूल. बहुतेक ठिकाणी जुन्या डब्यात नवी यंत्रं घालून ठेवलेली. शेवटी दहीपुलामागच्या एका बोळात कोंडाजी म्हणून घड्याळजी होते, त्यांच्याकडे एक सापडलं. तबकडी सायीसारखी पिवळसर, काटे मूळचे, आत एकही भाग बदललेला नाही. मी एकच विचारलं, साठ सालच्या आधीचं आहे का? रविराजचं साठचं होतं. कोंडाजी म्हणाले, पाच-सहा वर्षं तरी आधीचं. झालं, घेऊन टाकलं. चावी रोज सकाळी द्या, ताण लागला की थांबा, आणि पाण्याला शिवू देऊ नका, हात धुतानाही काढून ठेवा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी ते सगळं पाळलं. चहाच्या आधी चावी. कंपनीत मशिनवर जाताना रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत. मऊ फडक्यानं काच पुसायची, पट्टा घामानं खराब होतो म्हणून उन्हाळ्यात घालायचंच नाही. माझी बायको छाया म्हणाली, एवढी काळजी मामांच्या लेकीची घेतली असती तर सोनं झालं असतं. म्हणू दे. मला मामांनी माझं मनगट कानाला लावलेलं बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

दोन हजार चार साली अधिक श्रावण आला. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयांना बोलावतात, न्हाऊ घालतात, कापडं करतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आम्ही पोहोचलो तर रविराज आधीच येऊन बसलेला. अंगणात चार पाट मांडलेले, भावकीतल्या बायका कळशा भरून तयार, मामांना माझ्याकडे बघायला फुरसत नाही. थेट पाटावरच बसवलं.

रविराजनं शांतपणे घड्याळ काढलं आणि मामांच्या हातात दिलं. मामांनी ते खिशात ठेवावं की नाही? नाही. डाव्या मनगटावर बांधलं आणि हात लांब धरून बघत राहिले, नव्या नवऱ्यासारखे. मामी उटणं लावायला आल्या, म्हणाल्या, घड्याळ काढा. मी म्हटलं, राहू द्या. काढलं असतं तर ते कुणाला दिसणार होतं? छायानं कोपरानं ढोसलं. मामा माझ्याकडे हात करून काहीतरी बोलत होते, बायकांच्या गलक्यात ऐकू आलं नाही, आणि खरं सांगतो, मला ऐकायचंही नव्हतं. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात बायकांनी हसत हसत माझ्यावर कळशांमागून कळशा रिकाम्या केल्या.

अंग पुसून बघतो तर काचेच्या आत वाफ धरलेली. थोड्या वेळानं सेकंदकाटा अडखळला आणि बंद पडला. रविराज लगेच जवळ आला, चावी बाहेर ओढून ठेवा म्हणाला, उद्याच उघडून वाळवून घ्या म्हणाला, मी येतो बरोबर म्हणाला. त्याचा तो गोड आवाज ऐकून मला त्याला नदीत ढकलावंसं वाटलं.

पंगत बसली. मी ताटातला धोंडा नुसता चिवडत बसलो. जेवत का नाही, असं मामांनी विचारलं, तेव्हा माझा तोल सुटला.

"त्याचं घड्याळ तुम्ही हातात मिरवता, मामा. माझं भिजून मेलं, तुम्ही बघितलं तरी का?"

रूपालीनं मान खाली घातली. मामा उठले, माझ्यासमोर येऊन बसले आणि उजव्या हाताची बाही वर सारली.

"हा हात मोकळाच व्हता की, कुंदनराव. तुमच्यासाठीच पुढं केला व्हता. तुम्ही तोंड फिरवलं."

त्यांनी माझं मेलेलं घड्याळ सोडवून घेतलं, त्या हातावर बांधलं आणि दोन्ही हातांत दोन घड्याळं घालून दुपारभर भावकीत फिरले. लोक हसले तरी काढलं नाही. मला भरून आलं, नाही म्हणत नाही. निघताना पायाही पडलो.

पण मोटारसायकल चांदोरीच्या पुढे आली आणि माझ्या डोक्यात आलं, घड्याळ घालायचा हात डावा. तो त्यांनी रविराजला दिला होता. छाया मागे बसून काहीतरी सांगत होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं.