मागचा आवाज

चष्म्याच्या दुकानात काचा घासून झाल्या की धाकटी समोरच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरायची. दुकानदार तिला कधी जॅझ ऐकवायचा, कधी खलाशांची गाणी, कधी कान किटवणाऱ्या गिटारवाल्यांचा जुना अल्बम, नव्यानं छापून आलेला. धाकटीला सगळं चालायचं. मुख्य गायकाकडे मात्र ती ढुंकून बघायची नाही. मागून साथ देणारे आवाज तेवढे ऐकायची.

"तुम्ही लग्नाला गेलात तर नवरी सोडून करवलीच बघाल!" दुकानदार चिडवायचा.

हे खूळ उगाच नव्हतं. थोरल्या बहिणीच्या पहिल्यावहिल्या अल्बममध्ये मागचा आवाज धाकटीचा होता. पुढे थोरली नावारूपाला आली, धाकटी काचा घासत राहिली. तक्रार नव्हती. तो अल्बम बाजारातून कधीच गेला, घरातली प्रत सामान हलवताना फुटली. पण आपण कुणाच्या तरी घरी वाजत असू, एवढ्यावर तिचं भागायचं.

एका संध्याकाळी दुकानदारानं गालातल्या गालात हसत एक करकरीत रेकॉर्ड लावली. थोरलीचा तोच अल्बम, नव्यानं छापलेला! धाकटी धावत जाऊन स्पीकरला कान लावून उभी राहिली. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. थोरलीचा आवाज कसा धुतल्यासारखा. मागे कोणीच नाही.

"दुसरी बाजू लावा," ती म्हणाली. तिथंही कोणी नव्हतं.

दुकानदाराचं हसू मावळलं. "हल्ली जुन्या टेपमधून एखादा आवाज काढून टाकता येतो," तो चाचरत म्हणाला.

"पण कुणी काढायला सांगितलं तरच ना?" धाकटीनं विचारलं.

तिनं तिथूनच बहिणीला फोन लावला.

"अगं, सांगणारच होते तुला," थोरली म्हणाली. "कंपनीनं विचारलं, मी म्हटलं, काढा. तुझा सूर मधेच चढायचा. आणि मागे कोण होतं, ते कुणाला कळतंय?"

"मला कळतं ना!"

सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"रागावू नकोस बाई. रविवारी कार्यक्रमाला ये, पहिल्या रांगेत बस. त्या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं मला हल्ली आठवतच नाही. तू नुसते ओठ हलव, मी बघून म्हणेन. तुझं तर तोंडपाठ आहे."

दुकानदारानं हळूच सुई उचलली.

"मी त्या गाण्यात नव्हतेच ना, ताई," ती म्हणाली. "मग मला शब्द कुठून येणार?"