नानांच्या आईचं तिसरं मरण

कलम १. मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की अपील दाखल करायला उशीर झाला तो माझ्यामुळे. पक्षकाराचा दोष नाही.

हे वाक्य नानांना तोंडपाठ होतं. तीस वर्षं त्यांनी वकीलसाहेबांची कारकुनी केली. तारखा टिपल्या, फायली वाहिल्या. साहेबांच्या आळसानं मुदत टळली की सही करून पाप आपल्या डोक्यावर घेतलं. "कारकुनाची चूक कोर्ट पोटात घालतं, नाना. वकिलाची नाही." कागदावर नाना दोनदा जिन्यावरून पडले, एकदा त्यांना कावीळ झाली. आई दोनदा वारली.

ती घरी हसायची. "काय रे मेल्या, आज मारून आलास की ठेवलीस?"

कलम २. त्या दिवशी माझी आई वारली.

साहेबांच्या पक्षकार, शिलाईवाल्या बाई, यांना घर खाली करायचा हुकूम झाला होता. अपिलाचा शेवटचा दिवस. फाईल नानांच्या पिशवीत, पिशवी खुंटीला. आणि सकाळी आई गेली. खरोखरची.

कोर्टात वाट पाहून बाई दुपारी नानांच्या घरी आल्या. दारातच थबकल्या. फाईलचा विषयसुद्धा काढला नाही. म्हातारीच्या अंगावरची चादर तेवढी सारखी केली आणि बसून राहिल्या.

कलम ३ (खोडले). मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेब कडाडले. "दाखल्यावर तारीख असते. मग आधीची दोन मरणं कुणाची? खोटं लिहून दिलं म्हणून तुम्ही आत जाल, अन् माझी वकिलीची सनद जाईल!"

दाखला नानांच्या खिशातच राहिला.

उशीर माफ करण्याच्या अर्जावर सुनावणी झाली तेव्हा समोरचे वकील म्हणाले, "साहेब, मुदत टळली की कारकुनांच्या आया पटापट मरतात." हशा पिकला.

न्यायाधीश हसले नाहीत. "अहो कारकून, दाखला असेल तर समोर ठेवा. लगेच अर्ज मंजूर करतो. नसेल तर विषय संपला."

नानांचा हात खिशाकडे गेला. वकीलसाहेबांनी मान वळवून पाहिलं, नुसतं पाहिलं. मागच्या बाकावरून बाई उठून उभ्याच राहिल्या होत्या.

"नाही साहेब. दाखला नाही."

"अर्ज नामंजूर."

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्यांना गाठलं. ना रडल्या, ना ओरडल्या.

"काका, मग त्या दिवशी मी चादर सारखी केली ती कुणाची?"

नानांनी तोंड उघडलं. आतून साहेबांची हाक आली, "नाना! पुढचं प्रकरण पुकारलंय, फाईल कुठाय?"

कलम ४. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

नाना फाईल घेऊन आत गेले.