नाताळची रंगीत तालीम

डिसेंबर लागला आणि आईचा फोन आला. यंदाच्या नाताळला तुम्ही दोघी बहिणी भांडलात तर हा शेवटचा नाताळ, पुढच्या वर्षी मी दाराला कुलूप घालून शेजारणीकडे जाऊन बसेन, असं तिने बजावलं. माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलासुद्धा. आईची धमकी पोकळ नसते. बाबा गेल्यापासून आम्ही सगळे एका टेबलाशी बसतो तो वर्षातला एकच दिवस उरलाय, आणि मी कितीही तोंडाळ असले तरी तो मला हवा असतो.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगून टाकते, लपवून काय उपयोग. आईचं प्लॅस्टिकचं झाड खिडकीपाशी ठेवायचं की टीव्हीपाशी, यावरून माझी आणि ताईची जुंपली. ताई शेंड्याकडून ओढत होती, मी बुंध्याकडून. ते झाड सुट्या भागांचं असतं, हे त्या भरात दोघीही विसरलो. वरचे भाग तिच्या हातात राहिले, खालचा माझ्या, आणि केक कापायच्या आत ताई भाऊजींना घेऊन तरातरा निघून गेली. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि आम्ही दोघीही पन्नाशीच्या आसपास आहोत, हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला आम्ही लहान मुली वाटायच्या.

त्यात शांत राहणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी नव्या मुलींना शिकवते, की समोरचा कितीही तापला तरी आपला आवाज चढता कामा नये. आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग त्याचीच तक्रार त्याला मऊ शब्दांत परत सांगायची आणि म्हणायचं, 'तुमची अडचण माझ्या लक्षात आली.' लोकांच्या घरात फेस गुडघ्यापर्यंत आलेला असतो आणि मी फोनवर लोण्यासारखी बोलत असते. संध्याकाळी घरी आले की त्याच तोंडाने नवऱ्याला ओल्या टॉवेलवरून फैलावर घेते. दिवसभर गिळलेलं कुठेतरी बाहेर पडायला नको का?

तर या वर्षी मी ठरवलं, घरच्यांना गिऱ्हाईक समजायचं. नुसतं ठरवून भागणार नव्हतं, सराव हवा होता. म्हणून नाताळच्या आधीच्या आठवड्यात, रोज ऑफिसातून आल्यावर, मी नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ताई व्हायला सांगितलं. हा माणूस एरवी दुधाची पिशवी आणायला सांगितली तरी दहा प्रश्न विचारतो. ताई मात्र त्याने एका फटक्यात उभी केली. मान तिरकी करून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बारकी, जाड झालीस का गं?"

मी म्हटलं, तुमची अडचण माझ्या लक्षात आली. त्याने पुढचा टोमणा काढला. मी आईकडे पाहुणीसारखी येते, हातात दरवर्षी तोच बेकरीतला केक घेऊन येते, जेवण झालं की माझी कंबर बरोबर भांडी घासायच्या वेळेला धरते. इतकं सविस्तर ताईसुद्धा बोलत नाही. हे सगळं ताईचंच आहे ना, की त्यात तुझीही भर आहे, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की तालमीत मध्येच प्रश्न विचारायचे नसतात. पहिल्या दिवशी मी ओट्याचं फडकं त्याच्या अंगावर भिरकावलं. आठवड्याच्या शेवटी मात्र मी अशी तयार झाले, की त्याने माझ्या केसांच्या रंगावर बोलून पाहिलं तरी माझं हसू ढळलं नाही. तालीम संपल्याचं त्यालाच जास्त वाईट वाटलं.

झोपायला जाताना त्याने सहज विचारलं, की सहन करायची तयारी तर झाली, मजा करायची तयारी कधी करणार आहेस? मी म्हटलं, ती पुढची पायरी. आधी दिवस धड पार पडू दे.

नाताळच्या दिवशी दुपारी आम्ही आईकडे पोचलो. आईने उभा जन्म छापखान्यात काढला. तिथे मशीनच्या धडधडीत ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही. तीच पट्टी ती घरी घेऊन आली आणि आम्हाला वारशात दिली. आमच्याकडे मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळतं. झाड यंदा खिडकीपाशी होतं आणि आईने ते सुतळीने गजांना चारी बाजूंनी करकचून बांधून टाकलं होतं. त्या सुतळीकडे बघून मला जरा लाजच वाटली.

दार ताईने उघडलं. उशीर झाला होता, म्हणून मी टोमणा झेलायला खांदे ताठ केले. ताई म्हणाली, ये गं, रस्त्यात गर्दी असेल नाही, पाणी देऊ का? मी चप्पल एका पायात तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मागून भाऊजी माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले. आईचा तसलाच फोन ताईलाही गेला होता आणि तेव्हापासून ती श्वासाच्या वर्गाला जात होती. राग आला की नाकाने श्वास आत घ्यायचा आणि सावकाश सोडायचा.

मग काय विचारता. ताई श्वास घेत होती आणि मी अडचणी लक्षात घेत होते. तिने माझ्या बेकरीतल्या केकचं कौतुक केलं. मी तिच्या ड्रेसचं केलं, आणि तो पडद्याच्या कापडाचा होता हे मनातल्या मनात ठेवलं. तू बस, नाही गं, तूच बस, असं करत दोघीही उभ्याच राहिलो. काही फुटेल या भीतीने दोन्ही नवरे कुजबुजत होते. आई आतून नेहमीसारखी ओरडली, की कोंबडी भाजून झालीय, कुणाचे हात मोकळे आहेत का? आम्ही दोघी हळूच आत गेलो, तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हटलं, तू दमली असशील, आता अजिबात उठायचं नाही. भाऊजींनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली.

कोंबडी खारट झाली होती. खारट म्हणजे, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल इतकी. आईच्या हातून असं कधी होत नाही. एरवी ताईने पहिला घास तोंडात असतानाच पंचनामा केला असता. आज तिने लांब श्वास घेतला आणि म्हणाली, छान झालीय. मी म्हटलं, फारच छान, आणि अजून वाढून घेतली. मनात मी स्वतःला पैकीच्या पैकी मार्क देत होते. ऑफिसातल्या मुलींना हे दाखवायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

आईने चमचा खाली ठेवला.

"डॉक्टरांचा फोन आला ना?" तिने विचारलं.

"आई, तुझी अडचण माझ्या लक्षात..." असं म्हणून मी थांबले, कारण माझ्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

आईचा आवाज खाली आला होता. तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "लपवू नका. तुमच्या बाबांच्या शेवटच्या महिन्यात तुम्ही दोघी अशाच गोड बोलत होतात. त्यांना वाटलं, पोरी सुधारल्या. मला तेव्हाच कळलं होतं. किती दिवस आहेत माझे, तेवढं सांगा."

मग भाऊजींनीच धीर करून विचारलं, की कसला डॉक्टर, कसला फोन? हळूहळू सगळं बाहेर आलं. आईच्या काखेत गाठ आली होती. शेजारणीला घेऊन ती दवाखान्यात गेली, गाठीचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. आम्हाला तिने काही कळू दिलं नव्हतं. फक्त डॉक्टरांकडे ताईचा नंबर देऊन ठेवला होता, आणि आम्हाला ती भांडणाची धमकी देऊन ठेवली होती. कोण जाणे पुढे काय आहे, एक नाताळ तरी भांडणाशिवाय जावा, एवढंच तिच्या मनात होतं. तो तसा जायला लागला आणि तिची गाळण उडाली.

ताईने श्वास आत घेतला. तो सावकाश काही सुटला नाही.

"एकटी गेलीस? आम्ही काय मेलो होतो?" ती अशी ओरडली, की टेबलावरचे ग्लास वाजले.

मीही मागे राहिले नाही. माझी सगळी तालीम कुठल्या कुठे गेली. शेजारीण तुला जवळची झाली का, पोटच्या पोरी शोभेला ठेवल्यात का, असं मी आईला सुनावलं. मग ताई माझ्याकडे वळली. मी दोन स्टॉपवर राहते, आई वाळत चाललीय हे मला दिसू नये? मी म्हटलं, तू रोज सकाळी फोन करतेस ना, मग काय हवापाण्याच्या गप्पा मारतेस? नवऱ्याने उठून खिडकी लावली. मला भयंकर भीती वाटत होती. इतकी भीती मला बाबांच्या वेळीही वाटली नव्हती, आणि भीती वाटली की ओरडायचं, याच्यापलीकडे मला आयुष्यात काही येत नाही. ताईचंही तेच चाललं होतं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढतच होता.

मध्येच माझं आईकडे लक्ष गेलं. ती खुर्चीला टेकून नीट बसली होती. तिने कोंबडीचा एक तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि आम्हा दोघींच्या वर आवाज काढला, की यात एवढं मीठ पडलंय, मी दोनदा घातलं वाटतं, आणि तुमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही? मग पाणी प्यायली आणि तीच कोंबडी पावाबरोबर खायला लागली.

सोमवारी आईबरोबर मी जाणार, असं ताईने जाहीर केलं. गाडी तिच्याकडे होती. मी म्हटलं, मी जाणार, माझी रजा शिल्लक आहे, तुझी शाळा तुझ्यावाचून एक दिवस चालत नाही असं तूच सांगत असतेस. पुन्हा सुरू झालं. आईने टेबलावर हात आपटला.

"दोघी या," ती म्हणाली. "पण गाडीत गोड बोलायचं नाही. मला भीती वाटते."

आम्ही दोघींनी निमूट मान हलवली. आई आमच्या तोंडाकडे बघायला लागली. ताईच्या ते लक्षात आलं असावं. तिने नाक पुसलं आणि मला म्हणाली, की बारकी, सोमवारी वेळेवर खाली येऊन उभी राहा, तुझ्यासाठी कुणी हॉर्न वाजवत बसणार नाही. मग मीही तिला सोडलं नाही.